फुकटच्या इंधनाचा धूर

सोलापुरात हिवाळ्यात गच्चीवर पांढरा टॉवेल वाळत घालायचा, तर आधी वारं कुठनं येतंय ते बघावं लागतं. गाळप हंगाम सुरू असला आणि वारं कारखान्याच्या बाजूचं असलं, की दुपारपर्यंत टॉवेलवर काळे, हलके, पिसासारखे कण येऊन बसतात. झटकले तर उडून जातात. पुसायला गेलात तर काळा ओरखडा उमटतो, तो धुतला तरी नीट जात नाही. टॉवेल सोलापूरचा, कणही सोलापूर जिल्ह्यातलेच. घरातली भांडणं घरात मिटवावीत तसे आपण टॉवेल आत घेतो आणि गप्प बसतो.

पण मला आज सांगायचंय ते जरा लांबच्या गच्चीबद्दल. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याकडे तेलाचा जो पत्र्याचा डबा असतो, त्यावर बारीक अक्षरांत ‘पामोलिन’ लिहिलेलं असतं. फरसाणात तेच, बेकरीतल्या खारीत तेच, साबणातही तेच. जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश आपला आहे, आणि जगातल्या पामतेलापैकी चार पंचमांशाहून जास्त तेल इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोनच देश काढतात. ते काढणाऱ्या प्रत्येक गिरणीत बॉयलर असतो, बॉयलरला चिमणी असते आणि चिमणीच्या आसपास कुणाचे तरी कपडे दोरीवर वाळत असतात. फार लांबही जायला नको. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक तेलुगू घरांचे पाहुणे तेलंगणात आहेत. तिथे भद्राद्री कोत्तागुडेम जिल्ह्यात अश्वारावपेटच्या बाजूला तेलताडाच्या, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडाच्या, बागा आहेत आणि फळं गाळणारी गिरणीही आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये 11,040 कोटी रुपयांचं तेलताड लागवडीचं अभियान मंजूर केलं. म्हणजे असल्या गिरण्या आपल्याकडे वाढणार, कमी होणार नाहीत.

या गिरणीचा बॉयलर धूर का सोडतो, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावायला वेळ लागेल. सोलापूरकराला नाही. आपल्या साखर कारखान्यातल्या बगॅसच्या, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चोथ्याच्या, बॉयलरचा तो सख्खा चुलतभाऊ आहे.

आधी गिरणीत काय चालतं ते पाहू. तेलताडाचा घड वीस-पंचवीस किलोचा, त्यात बोराएवढ्या ते सुपारीएवढ्या फळांचा गच्च भरणा. उसासारखंच याचंही घाईचं काम असतं. तोडलेला ऊस वाळत पडला की साखर उतरते. तोडलेला घड पडून राहिला की फळातलं एक विकर तेलाचे तुकडे पाडायला लागतं आणि तेल आंबूस होतं. म्हणून घड आले की ते आधी मोठमोठ्या आडव्या टाक्यांत भरून वाफेवर शिजवतात. आपल्या घरच्या कुकरात साधारण 1 बार दाब असतो आणि आत 120 अंशांच्या आसपास तापमान. गिरणीच्या कुकरात 3 बार दाब आणि 140 अंश, तेही तास-सव्वा तास. विकर मरतं, फळं देठापासून सुटतात, गर मऊ होतो. मग झोडपून फळं वेगळी करायची, मळायची, स्क्रू प्रेसमध्ये पिळायची.

एक टन घडामागे साधारण 200 ते 220 किलो तेल निघतं. त्याच टनातून 220 किलोच्या आसपास रिकामे घड, 130 किलोच्या आसपास पिळलेला चोथा आणि 60 किलोच्या आसपास करवंट्या निघतात. या करवंट्या नारळासारख्याच, फक्त छोट्या. आणि एवढं सगळं करायला लागते ती वाफ: टनामागे सुमारे अर्धा टन.

ती वाफ करायला गिरणीवाला कोळसा कशाला आणेल? दारात चोथा आणि करवंट्यांचा डोंगर पडलाय. तोच भट्टीत घालायचा, वाफ करायची, त्या वाफेवर आधी टर्बाइन फिरवून गिरणीपुरती वीज काढायची आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर घड शिजवायचे. साखर कारखान्यात पाय ठेवलेल्या कुणालाही हे नवीन नाही. उसाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के बगॅस निघतं, त्यावरच बॉयलर चालतो, त्यावरच कारखाना. दसऱ्याच्या आगेमागे पेपरात ‘बॉयलर अग्निप्रदीपन’चे फोटो येतात. अध्यक्ष सपत्नीक पूजेला बसलेले, मागे संचालक मंडळ. त्या फोटोतल्या भट्टीत पुढचे चार-पाच महिने जे होतं, तेच पामच्या गिरणीत बाराही महिने होत राहतं. विषुववृत्ताजवळ पाऊस वर्षभर आणि फळही वर्षभर, त्यामुळे तिथल्या गच्च्यांना उन्हाळ्याची सुट्टी नाही.

आता धुराकडे येऊ. धूर म्हणजे काय, हे मला शाळेत नाही, मामांनी शिकवलं. ते एका कारखान्यात बॉयलरवर होते. हंगामात घरी आले की त्यांच्या भुवयांत राख असायची. चिमणीकडे बोट करून म्हणायचे, “काळं दिसतंय न्हवं? ते बगॅसच हाय. न जळताच वर चाललंय.” कितीतरी वर्षांनी ज्वलनावरचं वाचलं, तेव्हा कळलं की मामांचं वाक्य शब्दशः खरं होतं.

ओलं लाकूड चुलीत घातल्यावर काय होतं आठवा. आधी ते फसफसतं, कारण आतलं पाणी उकळत असतं. जाळाची बरीचशी ताकद त्यातच खर्च होते. मग लाकडातून वायू सुटायला लागतात. वाळल्या लाकडाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग असा वायू होऊनच जळतो. जी ज्योत दिसते ती लाकडाची नसते, त्या वायूंची असते. शेवटी उरतो तो निखारा. यातला मधला टप्पा नाजूक असतो. वायू सुटले पण त्यांना हवा कमी पडली, किंवा भट्टी थंड असली, किंवा जळायला वेळ मिळण्याआधीच पंख्याने त्यांना ओढून वर नेलं, तर ते अर्धवट जळतात. त्यांची काजळी होते, डांबरासारखा चिकट अंश होतो, कार्बन मोनॉक्साइड होतो. फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या आजीला हे सगळं ठाऊक होतं. बॉयलरमध्ये फुंकणीची जागा पंख्यांनी घेतली आहे: एक खालून हवा ढकलतो, एक धूर चिमणीकडे ओढतो, आणि चांगल्या भट्टीत जाळाच्या वरच्या अंगाला आणखी हवेचे झोत सोडलेले असतात. सुटलेले वायू तिथेच जळावेत म्हणून.

बगॅस चरकातून येतं तेव्हा त्यात निम्मं पाणी असतं. पामचा चोथा त्यापेक्षा बरा, 35 ते 40 टक्के पाण्याचा. पण त्याची खोड वेगळी आहे. कितीही पिळला तरी त्यात थोडं तेल राहतंच. तेलाचा बोळा पेटवून बघा. चटकन पेटतो आणि वात वर काढलेल्या रॉकेलच्या दिव्यासारखी भसाभसा काजळी सोडतो. करवंट्या मात्र कोरड्या, घट्ट, लाकडी कोळशासारख्या निवांत जळतात. चोथा आणि करवंटी योग्य मापात मिसळून घातली तर जाळ चांगला लागतो; नुसता चोथा कोंबला तर धूर.

आणि कोंबावा लागतोच, त्याचं कारण ते कुकर. पामच्या गिरणीत तीन-चार कुकर आळीपाळीने चालतात. एकाचं शिजवून झालं की दार उघडायचं, घडांचे डबे काढायचे, नवे भरायचे, वाफ सोडायची. थंडगार लोखंड आणि कित्येक टन थंड घड एकदम वाफ प्यायला लागतात. बॉयलरचा काटा घसरतो. काटा घसरला की टर्बाइन मंदावते, दिवे मिचमिचतात, ऑफिसातून फोन येतो. फायरमन बिचारा काय करणार? दार उघडून फावड्याने चोथा लोटतो. दार उघडल्यावर गार हवा आत, वरून ओल्या-तेलकट इंधनाचा ढीग, त्याच्या खाली जाळ गुदमरलेला. चिमणीतून पाच-दहा मिनिटं काळाकुट्ट लोट. मग काटा चढतो, धूर पातळ होतो, आणि तोवर पुढच्या कुकरची वेळ झालेली असते.

म्हणजे चिमणीवर दिसणारा धूर हा बऱ्याचदा खाली घड भरण्याच्या वेळापत्रकाचा आरसा असतो. दोन कुकरांची वाफ एकाच वेळी सोडायची नाही, एवढं साधं पथ्य पाळलं तरी फरक पडतो. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच, की याला यंत्र लागत नाही. भिंतीवर एक वेळापत्रक लागतं, आणि ते पाळणारा एक सुपरवायझर.

धुराचा रंग वाचायला शिकलात तर लांबूनही बरंच कळतं. चिमणीच्या तोंडाशी दाट पांढरा आणि थोड्याच अंतरावर विरून जाणारा लोट असेल तर ती बहुतेक पाण्याची वाफ. ओल्या इंधनाचं पाणी, थंड सकाळी जास्त उठून दिसतं. त्याला घाबरायचं कारण नाही. काळा म्हणजे काजळी. पिवळट-तपकिरी, डोळ्यांना झोंबणारा असेल तर डांबरी अंश, बहुधा भट्टी नुकतीच पेटवलीय किंवा गार पडलीय. राखाडी आणि लांबपर्यंत तसाच राहणारा म्हणजे राख. रिंगेलमन नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या रेघांच्या जाळीचा एक तक्ता केला, कोऱ्या पांढऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत 0 ते 5 अंकांचा. तो धरून धुराचा काळेपणा डोळ्याने मोजता येतो. इतका जुना आणि इतका स्वस्त, तरी अजून कामाचा.

मात्र डोळ्याला दिसतं त्यातच सगळं आलं असं नाही, आणि इथे आपल्या टॉवेलची गोष्ट जरा फसवी ठरते. खळ्यावर उफणणी पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. वाऱ्यावर धान्य सोडलं की दाणा पायापाशी पडतो, भुसा थोडा लांब, आणि बारीक धूळ दिसेनाशी होते. ती कुठे पडली हे कुणी विचारत नाही. चिमणीतून बाहेर पडणाऱ्याचं तसंच आहे. टॉवेलवरचे काळे तुकडे हे दाणे. त्रासदायक, घाण करणारे, पण इतके मोठे की नाकातच अडकतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. त्याच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढे, 2.5 मायक्रॉनच्या आतले कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, आणि ते टॉवेलवर दिसत नाहीत.

वनस्पतीच्या इंधनात असे बारीक कण येतात कुठून? काजळी हा एक भाग झाला. दुसरा भाग पोटॅशचा. झाड जमिनीतून पालाश घेतं, ते चोथ्यात असतंच. भट्टीच्या उष्णतेत त्याचे क्षार चक्क वाफ होऊन उडतात आणि धूर थंड होताना पुन्हा घट्ट होऊन मायक्रॉनपेक्षाही लहान कण बनतात. हा भाग जळण उत्तम झालं तरी राहतोच. चिमणीतून काहीच दिसत नाही म्हणून हवा स्वच्छ, असं म्हणता येत नाही ते यामुळे. गंधकाच्या बाबतीत मात्र चोथा आणि बगॅस दोन्ही कोळशापेक्षा कितीतरी सभ्य आहेत, हेही सांगायला हवं.

हे कण अडवायला काय लावतात? बहुतेक गिरण्यांत मल्टीसायक्लोन असतो. नळकांड्यांची जुडी, धूर आत गरगर फिरतो, जड कण भिंतीला आपटून खाली पडतात. उफणणीच, फक्त वाऱ्याऐवजी भोवऱ्याने. म्हणूनच त्याचा दोषही उफणणीचाच: दाणा सापडतो, धूळ निसटते. 10 मायक्रॉनच्या वरचं बऱ्यापैकी पकडतो, 2.5 च्या खालचं बरंचसं सोडून देतो. पाण्याचा फवारा मारणारा स्क्रबर थोडा बरा, पण मग ते काळं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न उभा. खरा उपाय म्हणजे ईएसपी, इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसा हा विजेचा भार देऊन कणांना पत्र्यांवर ओढून घेतो. 99 टक्क्यांच्या वर अडवतो. महाग असतो, आणि भट्टीत नीट न जळलेला चिकट अंश आला की त्याचे पत्रे माखतात. कापडी पिशव्यांची गाळणीही तितकीच चांगली, पण चोथ्याची एक पेटती काडी उडून आली की पिशवीला भोक. थोडक्यात, वर कितीही भारी यंत्र बसवा, खाली जाळ धड नसेल तर ते यंत्रही आजारी पडतं.

आणि चिमणी? चिमणी धूर कमी करत नाही, ती फक्त वाटून देते. आपल्याकडे धुळीच्या हिशेबाने चिमणीची उंची काढायचं एक सूत्र आहे: तासाला किती टन धूळ निघते त्या आकड्याचा 0.27 वा घात घ्यायचा आणि 74 ने गुणायचं. तासाला 100 किलो धूळ असेल तर उत्तर येतं सुमारे 40 मीटर. धूळ दुप्पट, 200 किलो केली तर 48. धूळ दुप्पट आणि चिमणी फक्त 8 मीटरने उंच! सोलापूरकरांना चिमणी हा शब्द उच्चारला की 15 जून 2023 आठवतो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी त्या दिवशी पाडली. ती पाडली विमानांसाठी, विमानतळाच्या वाटेत येत होती म्हणून. वर्षानुवर्षं शहर त्या चिमणीच्या उंचीवर भांडलं, आणि तिच्यातून काय बाहेर पडतं यावर त्या मानाने फारच कमी बोललं गेलं, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं.

नियम काय म्हणतो ते बघू. मलेशियात 1978 च्या नियमांनुसार पामच्या बॉयलरला एक घनमीटर धुरात 400 मिलिग्रॅम धूळ चालायची. 2014 च्या नव्या नियमांनी ती 150 वर आणली, आणि तिथल्या गिरण्यांना मल्टीसायक्लोनच्या पुढे जाऊन ईएसपीचा विचार करावा लागला. गंमत म्हणजे आपल्या साखर कारखान्यांच्या चिमणीलाही 2016 पासून हाच आकडा आहे, 150.

हा आकडा कागदावर कसा वाचायचा, तेही कळायला हवं. गवळ्याने दुधात पाणी घातलं तर लिटरमागचं फॅट कमी दिसतं, पण म्हशीने दिलेलं फॅट तेवढंच असतं. धुरातही पाणी घालता येतं. चिमणीआधी कुठे गळती असली, किंवा पंख्याने गरजेपेक्षा जास्त हवा ओढली, की घनमीटरमागचे मिलिग्रॅम आपोआप उतरतात. हवेत जाणारी धूळ मात्र तेवढीच. म्हणून धुरात कार्बन डायऑक्साइड किती आहे ते मोजून आकडा ठरावीक प्रमाणावर, बऱ्याचदा 12 टक्क्यांवर, आणून मांडायचा असतो. अहवाल हातात आला तर आधी ही दुरुस्ती केलीय का ते बघा. केली नसेल तर ते पाणी घातलेलं दूध आहे.

दुसरी मेख वेळेची. तपासणीच्या दिवशी बॉयलर एका लयीत चालवला जातो, कोरडं इंधन निवडून घातलं जातं. कुकर बदलतानाची ती काळी दहा मिनिटं नमुन्यात येतीलच असं नाही. साखर उद्योग अतिप्रदूषक ठरवलेल्या 17 प्रकारांत मोडतो, म्हणून त्याच्या चिमणीवर सतत मोजणारं यंत्र बंधनकारक आहे. खाद्यतेल त्या 17 मध्ये नाही.

राहिला प्रश्न, इतकी वर्षं दोन्हीकडे इतका धूर सहन का केला गेला. माझ्या मते याचं उत्तर कायद्यात कमी आणि हिशेबात जास्त आहे. इंधन फुकट होतं. जुन्या काळी साखर कारखान्यांत बगॅस ही अडचण होती. यार्डात साठलं तर आग लागायची भीती, उचलायला कुणी तयार नाही. भट्टीने ते जितकं जास्त खाल्लं तितकं बरं. मग 21 किलो दाबाचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला 21 किलो) साधा बॉयलर पुरायचा, तो निम्मं बगॅस वाया घालवत असला तरी कुणाच्या पोटात दुखत नव्हतं. मामांना पगार वाफेचा काटा वर ठेवायचा मिळायचा, बगॅस वाचवायचा नाही. पुढे सहवीजनिर्मिती आली, वीज विकता यायला लागली, आणि रातोरात त्याच बगॅसला भाव आला. 67, 87, 110 किलो दाबाचे बॉयलर उभे राहिले, धुरातला ऑक्सिजन मोजणारी यंत्रं लागली, ईएसपी लागले. चिमणीतून जाणारं बगॅस म्हणजे न विकली गेलेली वीज, हे ताळेबंदात दिसायला लागलं. ज्या ज्या कारखान्यात हा बदल झाला तिथे धूर कमी झाला. न झालेल्या कारखान्यांच्या वाऱ्याखाली टॉवेल अजून आत घ्यावे लागतात.

पामच्या बाबतीत मला याच न्यायाने वाटलं होतं, की चोथ्याला आणि करवंट्यांना किंमत आली की तिथलेही बॉयलर सुधारतील. किंमत आली खरी. 2012 नंतर जपानने वनस्पतीजन्य इंधनावरच्या विजेला चांगला दर दिला, आणि कोरड्या, घट्ट, बोटीत भरायला सोप्या करवंट्यांना तिथे गिऱ्हाईक मिळालं. इंडोनेशिया-मलेशियातून करवंट्या जहाजाने जपानच्या वीजकेंद्रांत जायला लागल्या. तिथल्या भट्ट्या आधुनिक, धूळ अडवायची यंत्रं उत्तम. फक्त जी गिरणी करवंट्या विकते, तिच्या स्वतःच्या फायरमनपुढे मग राहतो तो ओला, तेलकट चोथा. आणि कुकर तर आळीपाळीने उघडतच असतात.